अंगठ्याने उघडलेलं पान

तक्रार घेऊन आलेल्या बाईंनी पुस्तक टेबलावर पाठीवर उभं धरलं आणि दोन्ही हात काढून घेतले. पुस्तक आपसूक फाकलं. "बघितलंत? पुन्हा हृदयविकार," बाई म्हणाल्या. त्यांनी ते मिटलं, परत उभं धरलं, परत सोडलं. परत हृदयविकारच. घरगुती औषधोपचारांचं जाडजूड पुस्तक होतं ते. ग्रंथालयाच्या तळघरातल्या ह्याच खोलीत बाइंडरने कधीतरी त्याला नवा पुठ्ठा चढवला होता, त्यामुळे तक्रारही त्याच्याकडेच यायची. "मी सर्दीचं पान शोधायला घेतलं होतं हो," बाई सांगत होत्या, "पण जेव्हा उघडावं तेव्हा हेच. शेवटी माझ्या छातीत खरंच दुखायला लागलं. जाऊन तपासून आले. काही निघालं नाही, पण डॉक्टरला काय सांगू? पुस्तक मला काहीतरी सांगतंय असं वाटलं म्हणून आले, असं?"

बाइंडर हसला. असं हसायला त्याला अलीकडे फार क्वचित मिळायचं, म्हणून जरा मोकळेपणानेच हसला. "पुस्तक काही सांगत नाही, बाई. कोणीतरी आधी हेच पान पुन्हा पुन्हा उघडलंय. पाठ तिथे मोडली की पुस्तक तिथेच उघडतं, त्याला दुसरं सुचतच नाही. तुमच्या आधीचा वाचक भित्रा असणार, दुसरं काय! त्याची भीती तुम्ही घरी घेऊन गेलात." बाईही हसल्या. बाइंडरचं हसू मात्र तोंडावरच राहिलं आणि खाली काहीच उरलं नाही. हातातली कागद दाबायची हाडाची पट्टी त्याने टेबलावर ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली. "काय झालं?" बाईंनी विचारलं. "काही नाही. ठेवून जा. पाठ सैल करून देतो," तो म्हणाला, आणि बाई गेल्यावरही दाराकडेच बघत उभा राहिला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. वाक्य दुसऱ्याच्या पुस्तकाबद्दल होतं, त्यात चूक काही नव्हती, अनेकांना अनेकदा सांगितलेलं होतं. पण ह्या वेळी ते बोलता बोलता त्याला आपल्या घरातल्या फडताळावरचा ग्रंथ दिसला होता, त्याचं दोनशे कितव्या तरी पानावर उघडणं दिसलं होतं, आणि त्या पानावरची वरून तिसरी ओळ: आपल्या जागी जो स्थिर राहिला, त्याच्याकडे सगळं चालत येतं. आणि त्या ओळीच्या जोरावर आज संध्याकाळी शाळा सुटली की त्याची बायको एका चांगल्या कामाला नाही म्हणून कळवणार होती. बहिऱ्या मुलांच्या शाळेत ती इतकी वर्षं शिकवत होती. दुसऱ्या गावात तशीच नवी शाळा निघत होती आणि ती उभी करायला त्यांना ही हवी होती, मुख्याध्यापिका म्हणून. आज शेवटचा दिवस. "संध्याकाळी नाही म्हणून कळवते," सकाळी केस विंचरताना ती म्हणाली होती, दूध संपलंय म्हणावं तशा आवाजात. "बघ, तुला पटेल तसं," असं तो हसून म्हणाला होता, आणि मग त्याने चांगला दोन कप चहा प्यायला होता.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला सुतळी फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, शिवत बसला होता. सुतळी म्हणजे ह्या खोलीतला दुसरा माणूस. अंगाने सुतळीसारखा आणि कामही सुतळीचंच, म्हणून ते नाव. त्याचा उजवा गाल दोन आठवड्यांपासून सुजलेला होता. दात काढावा की राहू द्यावा, हे त्याने बाइंडरला विचारलं होतं, म्हणजे बाइंडरकरवी ग्रंथाला विचारलं होतं, आणि बाइंडरने घरी जाऊन डोळे मिटून ग्रंथ उघडून दुसऱ्या दिवशी गंभीरपणे निरोप आणला होता की जागच्या जागी राहावं. दात जागच्या जागी राहिला. वर पुस्तकं देण्या-घेण्याच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंनी बदलीचा अर्ज मागे घेतला तोही त्याच निरोपावर. त्यांनी तर त्याच्यासाठी घरून फुलं आणली होती. सुतळीने सुई थांबवून विचारलं, "काय हो, तोंड का उतरलं?" बाइंडर म्हणाला, "तू आजच्या आज दातवाल्याकडे जा." "पण ग्रंथ तर म्हणाला…" "ग्रंथाला दात नसतात. जा तू," बाइंडर ओरडला, आणि ओरडल्याचीच त्याला लाज वाटली. ग्रंथाचा त्यात काय दोष होता?

हे सुरू झालं गेल्या वर्षी, वरच्या सभागृहात. 'अडकलेल्या आयुष्यासाठी प्राचीन ग्रंथ' असं व्याख्यान होतं, श्रोते येईनात म्हणून ग्रंथपालांनी कर्मचाऱ्यांना खुर्च्या भरायला बसवलं होतं. तोंडासमोर काडीएवढा माइक लावलेला वक्ता इकडून तिकडे फिरत बोलत होता. अडकलात? मग थांबा, श्वास घ्या, प्रश्न विचारा, ग्रंथ उघडा, बोट ठेवा. जे येईल ते तुमच्यासाठीच असेल. बाइंडर मागच्या रांगेत बसला होता, नखांतली लेई काढत. आणि 'अडकलात?' हा शब्द ऐकून त्याचं बोट नखातच थांबलं. कारण अडकला तर तो होताच. वरच्या मजल्यावर काचेचं यंत्र आलं होतं, पानांचे फोटो काढणारं. फाटकी पुस्तकं आता खाली यायच्याऐवजी वर जायला लागली होती आणि दुरुस्ती विभागाच्या प्रमुखाची जागा यंत्र चालवणाऱ्याला मिळाली होती. बाइंडरने त्या जागेसाठी अर्जच केला नव्हता. अर्ज न करता डावललं गेल्याचं दुःख असं असतं की कोणाला सांगायची सोय नाही. तो ते दुःख घेऊन रोज तळघरात उतरायचा आणि संध्याकाळी वर चढायचा. व्याख्यान संपल्यावर त्याने रद्दीत काढलेली त्याच प्राचीन ग्रंथाची एक जुनी प्रत मागून घेतली, जेवणाच्या सुट्टीत बसून तिची जुजबांधणी केली, पानांचे गठ्ठे नव्याने दोऱ्याने शिवले, नवी पाठ घातली, निळं कापड चढवलं. इतकं मन लावून त्याने कित्येक महिन्यांत काही बांधलं नव्हतं. ते काम करतानाच तो खरा अडकल्यातून थोडा सुटला होता, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही.

आणि आता त्याला तो आवाज आठवला. नवं बांधलेलं पुस्तक मधोमध कधी उघडायचं नाही. पुढून थोडी पानं, मागून थोडी पानं, पुन्हा पुढून, पुन्हा मागून, हळूहळू दाबत मध्याशी यायचं म्हणजे पाठ सगळीकडे सारखी वाकायला शिकते. हे त्याने कित्येकांना दाखवलं होतं, न ऐकणाऱ्यांवर डाफरलाही होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्याला दम धरवला नव्हता. लेई पुरती वाळलीही नव्हती. त्याने डोळे मिटले, 'माझं काय होणार' असा आपला गोळाबेरीज प्रश्न विचारला, आणि दोन्ही अंगठे मधे खुपसून ग्रंथ फाडकन उघडला. आतून बारीकसा आवाज आला, बोटं मोडल्यासारखा. आवाज त्याने ऐकला होता. पण समोर ओळ होती की जागी स्थिर राहा, सगळं चालत येईल, आणि ती इतकी गोड होती, इतकी त्याच्याच मापाची होती, की त्याला वाटलं तो आवाज आपल्या आतलाच. पहिलं उत्तर दैवाचं म्हणा हवं तर. त्यापुढची सगळी त्या मोडलेल्या पाठीची होती.

पट्टीने तो बाईंच्या पुस्तकाची पाठ सैल करत राहिला. हात आपलं काम करत होते आणि मन कोर्टात उभं केल्यासारखं एकेक कबूल करत होतं. बायकोने पहिल्यांदा त्या शाळेबद्दल सांगितलं तेव्हा ती दारातच उभी होती, खांद्यावरची पिशवीही काढली नव्हती. "अरे, त्यांनी मला विचारलंय. मला!" ती म्हणाली. त्या 'मला'मध्ये काय होतं ते एखाद्या परक्यालाही कळलं असतं. आणि तो म्हणाला, "ग्रंथाला विचारू." ग्रंथ म्हणाला, जागी राहा. ती हसली. दुसऱ्यांदा तिनेच विषय काढला, तिथे राहायची सोय आहे, तुला तिथे काय करता येईल तेही बघू, म्हणाली. त्याने 'बघू' म्हणून पुन्हा डोळे मिटले. पुन्हा तीच ओळ, आणि त्याने भुवया उंचावून तिच्याकडे असं पाहिलं होतं की जणू आपल्यालाही धक्काच बसलाय. तो चेहरा आता आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसऱ्यांदा, गेल्या रविवारी, तिने स्वतः फडताळावरून ग्रंथ काढून आणला, टेबल पुसलं, त्याच्यापुढे ठेवला आणि समोर बसली. "उघड," म्हणाली, "शेवटचं." तिचे डोळे पानाकडे नव्हते, त्याच्या हातांकडे होते. त्याला ती श्रद्धा वाटली होती. किती बरं वाटलं होतं त्याला! पान उघडल्यावर ती म्हणाली, "बरं. ग्रंथच म्हणतोय तर राहू दे."

पण मोडलेल्या पाठीवर सगळं ढकलून सुटता येत नव्हतं, हेच तर खरं दुखणं होतं. तो कोणी भाबडा वाचक असता तर चाललं असतं. हृदयविकाराच्या बाईंना माफ होतं. तो बाइंडर होता. डोळे मिटलेले असले तरी बाइंडरच्या अंगठ्याला दिसतं. मिटलेल्या पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवला की पानांमध्ये कुठे सैल पडलंय ते केसाएवढं असलं तरी लागतं, ह्याच्यावर तर त्याची भाकरी होती. दुसऱ्या वेळी त्याला ती फट लागली होती. तिसऱ्या वेळी त्याने ती शोधली होती. हो, शोधली होती. अंगठा कडेवर टेकला तेव्हा तो फटीच्या जरा अलीकडे होता, आणि तिथे उघडलं असतं तर कोण जाणे काय निघालं असतं. कोण जाणे काय निघेल ह्या विचारानेच अंगठा सरकला. एवढंसं सरकणं. शेजारी बसलेल्यालाही दिसणार नाही इतकं. आपण देवाच्या तोंडात आपलं बोलणं घातलं, आणि वर हात जोडून ऐकत बसलो. असं त्याने मनाशी स्पष्ट म्हटलं आणि त्याचे कान तापले. तळघरात कोणी बघणारं नव्हतं तरी त्याने मान खाली घातली.

कशाची एवढी भीती, असं त्याला कोणी विचारलं असतं तर त्याने खर्चाचं, घराचं, वयाचं सांगितलं असतं. खरं कारण एका दुपारचं होतं. तिच्या शाळेचा कार्यक्रम होता. मुलांनी हातांच्या खुणांनी एक नाटुकलं केलं, सगळं सभागृह खदखदून हसलं, ह्याला एक अक्षर कळलं नाही, आणि संपल्यावर ह्याने टाळ्या वाजवल्या. जोरात, मनापासून. मग दिसलं की आजूबाजूला सगळ्यांनी हात वर करून नुसते हलवलेत, कारण तिथे टाळी ऐकणार कोण? कोणी काही म्हटलं नाही. एका लहान मुलीने फक्त त्याच्या हातांकडे कुतूहलाने पाहिलं. नव्या गावात सगळा जन्म तसा जाणार, आपण एकटेच टाळ्या वाजवत उभे, ती मुख्याध्यापिका आणि आपण 'त्यांचे हे', सध्या काही करत नाहीत. इथे निदान तळघर होतं. तळघरात कोणी डावललं तरी जागा आपली होती. ह्या जागेसाठी तिचं 'मला!' त्याने गिळलं होतं, आणि गिळताना ग्रंथाचं निळं कापड तोंडावर धरलं होतं.

दुपारी त्याने फोन काढला. वर्गात तिचा फोन बंद असतो, पण निरोप ठेवता आला असता. 'आज कळवू नकोस,' असं लिहिलं. मग ती विचारेल का, म्हणून पुसलं. 'ग्रंथाबद्दल थोडं बोलायचंय,' लिहिलं. ते वाचून त्यालाच शिसारी आली, तेही पुसलं. 'माझं चुकलं' हे दोन शब्द लिहायला तर बोट उठेना. शेवटी त्याने फोन खिशात टाकला आणि ग्रंथपालांना पोट बिघडल्याचं सांगून लवकर निघाला. खोटं बोलायचं नाही असं ठरवून निघालेला माणूस खोटं बोलूनच दारातून बाहेर पडला, ह्याचं त्याला जिन्यात हसू आलं आणि रस्त्यावर येईपर्यंत रडू. तो चालतच घरी गेला. शाळेवर जाऊन तिला गाठता आलं असतं, रस्ता उलट दिशेचा होता एवढंच. चौकात तो थांबला, त्या रस्त्याकडे पाहिलं, आणि घराच्या रस्त्याला लागला. पायसुद्धा अंगठ्याचेच भाऊ निघाले.

घरी आल्यावर त्याने ग्रंथ काढून टेबलावर ठेवला. प्रश्न विचारला नाही, डोळे मिटले नाहीत. पुढून थोडी पानं, मागून थोडी पानं, पट्टीने दाबत, नव्या पुस्तकाला द्यायला हवा होता तो मान उशिरा का होईना देत तो मध्याकडे येऊ लागला, आणि पाठ सैल करायची म्हणून पानं उलटता उलटता वाचू लागला. आपण हा ग्रंथ वाचलेलाच नाही, हे त्याला आत्ता कळत होतं. वर्षभर एक ओळ वाचली होती. बाकीच्या पानांवर माणसं होती, आणि ती काय करत होती? ती सारखी घर सोडत होती. कोणी नदी ओलांडत होतं, कोणी भर सभेत उठून मला कळत नाही म्हणत होतं, एक राजा तर चक्क रडत बसला होता आणि त्याला कोणी गप्प बसवत नव्हतं. बोलणाऱ्याला प्रश्नावर प्रश्न विचारले जात होते, आणि विचारणाऱ्याला लाज वाटत नव्हती. ती गोड ओळसुद्धा, मागची चार पानं वाचल्यावर, एका म्हाताऱ्या नावाड्याची निघाली. प्रवासी त्याला विचारतात, तू स्वतः कधी पलीकडे उतरलास का? तेव्हा तो हे सांगतो, आणि प्रवासी त्याच्याकडे दयेने बघून उतरून जातात. बाइंडर ते वाचून तसाच बसून राहिला. दिवा लावायचंही त्याला सुचलं नाही.

किल्ली वाजली. ती आत आली, चपला काढल्या, दिवा लावला. टेबलावर उघडा ग्रंथ, त्यावर पट्टी, समोर हा. "आज लवकर?" ती म्हणाली.

"कळवलंस?" त्याने विचारलं.

"कळवलं." तिने पिशवी खुंटीला लावली.

त्याने मान हलवली. उशीर झाला होता. उशीर झाल्यावर खरं बोलणं किती सोपं असतं, असं त्याच्या मनात आलं आणि त्या सोपेपणाचीही त्याला शरम वाटली. तरी तो बोलला. "ह्याची पाठ मोडलीय. पहिल्याच दिवशी मोडली, माझ्याच हाताने. म्हणून तेच पान येत होतं. ग्रंथ काही म्हणत नव्हता."

"माहीत आहे."

त्याने वर पाहिलं. "कधीपासून?"

"दुसऱ्यांदा उघडलास तेव्हापासून. डोळे मिटलेस आणि अंगठा बरोब्बर जाऊन बसला." ती समोरच्या खुर्चीवर बसली. "दिवसभर मी हातच वाचते रे. माझी पोरं चेहऱ्याने खोटं बोलतात, हातांनी त्यांना जमत नाही. तुला बरं कसं जमेल?"

"मग तिसऱ्यांदा तूच का आणून ठेवलास?"

 तिने ग्रंथावरची पट्टी उचलून बाजूला ठेवली. "म्हटलं, या खेपेला तरी ग्रंथ मिटशील. मिटशील आणि माझ्याशी बोलशील."

खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची टींटीं संपली. मग ती म्हणाली, "मी हो म्हणून कळवलंय."

"पण सकाळी तू म्हणालीस की…"

"म्हणाले. आणि तुझा चेहरा बघितला. इतका सुटल्यासारखा हसलास तू, किती महिन्यांत तसा हसला नव्हतास. मी बस थांब्यावर उभी राहून थोडा वेळ रडले. मग तिथूनच हो कळवलं." आवाज तिचा साधा होता, त्यात रागही नव्हता. राग असता तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. "तू येणार का, हे मला विचारायचंच राहिलं इतके दिवस. मी आपली तुला सोयी सांगत होते. आता विचारते. येणार आहेस?"

त्याने तोंड उघडलं. खर्च, घर, वय, सगळं जिभेवर तयार होतं, रांगेत उभं असल्यासारखं. ते मागे सारायला त्याला इतका वेळ लागला की ती उठून जाईल असं वाटलं. "मला भीती वाटते," तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य ह्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं होतं. बोलल्याने हलकं वाटतं म्हणतात. त्याला काही हलकं वाटलं नाही, उलट सगळा अंगरखा काढून उभं राहिल्यासारखं उघडं वाटलं.

"मग भीत भीत ये," ती म्हणाली आणि हात धुवायला आत गेली. आतून, नळाच्या आवाजावर आवाज काढून तिने पुढचंही सांगून टाकलं. "पण मी थांबायची नाही हं. एकटीसुद्धा जाईन."

तो बसल्या जागी तसाच होता. कान अजून गरम होते. ती टॉवेलला हात पुसत दारात आली तेव्हा त्याने विचारलं, "कधी निघायचंय?" आणि ते विचारतानाही त्याला तिच्याकडे बघवलं नाही.